जहाजांच्या खालची ओळ

त्या चित्रात समुद्र फार थोडा होता. बहुतेक जागा आभाळाने घेतली होती. खालच्या बाजूला ओहोटीचा ओला किनारा, त्यावर कलती होऊन टेकलेली दोन शिडाची जहाजं, आणि पलीकडे पाण्यावर आणखी काही, लहान होत गेलेली. जवळच्या जहाजाचं शीड अर्धं उतरवलेलं होतं आणि एक माणूस गुडघाभर पाण्यात उभा राहून दोर ओढत होता. रंग कुठेच नव्हता, सगळं काळ्या बारीक रेघांत. गेल्या शतकातल्या कुणा फ्रेंच चित्रकाराने तांब्याच्या पत्र्यावर सुईने रेघा ओढल्या होत्या, त्या तेजाबाने खोदल्या होत्या आणि त्यात शाई भरून पत्रा ओल्या कागदावर दाबला होता. अशा चित्राला एचिंग म्हणतात. हे सगळं मला नंतर कळलं. तेव्हा मला ते एक जुनं, परदेशी आणि जरा मळकं चित्र वाटत असे.

ते ज्यांच्या घरी होतं त्यांना आम्ही सगळ्या 'बाई' म्हणायचो. नगरला मुलींच्या ज्या शाळेत मी वरच्या वर्गांना इंग्रजी शिकवत होते, त्या शाळेच्या त्या जुन्या मुख्याध्यापिका. मूळच्या इंग्लंडच्या, पण आयुष्य नगरमध्ये गेलेलं. निवृत्त झाल्यावर शाळेच्या आवाराला लागून असलेल्या दोन खोल्यांच्या बंगलीत एकट्या राहत. मराठी अशी बोलायच्या की चूक काढायला जावं तर आपलीच निघायची. डोळ्यांत मोतीबिंदू झाला होता आणि दोन-तीन वर्षं त्यांना वाचता येत नव्हतं, म्हणून रोज संध्याकाळी पाच वाजता शाळा सुटली की मी त्यांच्याकडे जाई, तासभर वर्तमानपत्र वाचून दाखवी आणि त्यांची पत्रं लिहून देई. मी तेव्हा बत्तीस वर्षांची होते. मुलांनो, तुमची आई तेव्हा पहिलीत होती.

ते दुष्काळाचं वर्ष. नगरमध्ये पाणी दिवसाआड येत होतं आणि बाहेर रस्त्यांवर बायका खडी फोडत होत्या. त्या उन्हाळ्यात बाईंच्या उजव्या डोळ्याचं ऑपरेशन पुण्याला ठरलं. तेव्हा मोतीबिंदू काढला की आठवडेच्या आठवडे पडून राहावं लागे आणि मग महिना-दीड महिन्याने जाड भिंगाचा चष्मा मिळे. जाताना त्यांनी बंगलीची किल्ली माझ्याकडे दिली. झाडांना वापरलेलं पाणी घालायचं आणि घर उघडून झाडून काढायचं, एवढंच काम होतं.

मी एवढंच करून थांबले असते तर हे लिहायची वेळ आली नसती. पण मला घर आवरायचं म्हटलं की कपाटाच्या मागेही बघायची सवय. बाईंच्या बैठकीतल्या भिंतीवर मला मातीची एक बारीक वाकडी रेघ दिसली, ती थेट त्या जहाजांच्या चित्रामागे गेलेली. वाळवी. चित्र खाली उतरवलं तर चौकटीचं लाकूड माझ्या बोटांत पिठासारखं आलं. मागचा पुठ्ठा चाळण झाला होता. चित्राच्या कागदाला मात्र काही झालं नव्हतं. मी चित्र वर्तमानपत्रात गुंडाळलं आणि दुसऱ्याच दिवशी कापड बाजाराच्या मागे एक फ्रेमवाले काका होते त्यांच्याकडे नेलं. बाई परत येतील तेव्हा नव्या चष्म्यातून नव्या चौकटीतलं चित्र बघतील, असा माझा बेत होता, आणि त्या बेतावर मी फार खूश होते.

काकांचा धंदा देवांच्या तसबिरींचा आणि लग्नाच्या फोटोंचा. त्यांच्याकडे काचा ठरलेल्या मापांत कापून ठेवलेल्या असत. कॅलेंडरवरचा देव आणला की पांढरी कड कापायची आणि मापात बसवायचा, ही त्यांची रीत. माझं चित्र त्यांच्या मोठ्यातल्या मोठ्या काचेपेक्षा दोन बोटं उंच भरलं. मोठी काच मागवायची तर दहा-बारा दिवस लागणार होते, आणि तोवर बाई परत आल्या असत्या. काकांनी चित्र उजेडात धरलं, कडेवरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, "बाई, खाली काय तरी लिवलंय. ठिवायचं का कापायचं?"

मी बघितलं. चित्राच्या खाली उजव्या कोपऱ्यात पेन्सिलीने केलेली एक गिचमिड सही होती. डावीकडे अगदी बारीक अक्षरात पुसट झालेली एक ओळ. वाचायला मी चष्मा काढला नाही. चष्मा पर्समध्ये होता. दुकानदारांच्या खुणा असतील, जुन्या पुस्तकांवर असतात तशा, असं मी ठरवून टाकलं. चित्राभोवती कागद चौकोनात दबल्यासारखा झाला होता, तोही काकांना आणि मला दोष वाटला. पत्र्याच्या दाबाने उठलेली ती खूण म्हणजे एचिंगची ओळख असते, हेही मला पुढेच कळायचं होतं.

"कापा," मी म्हटलं. "सरळ कापा म्हणजे झालं."

त्यांनी पट्टी धरून कापलं. मी बघत उभी होते. छान सरळ आलं.

बाई परत आल्या त्या एका शुक्रवारी दुपारी. डोळ्यावर काळा चष्मा, चेहरा सुकलेला. अजून त्यांना उजेड आणि आकार एवढंच दिसत होतं. मी कुठल्या रंगाचं लुगडं नेसले आहे ते त्यांनी ओळखलं आणि लहान मुलीसारख्या हसल्या. नंबर काढून झाला होता, चष्मा पुण्याहून बुधवारी येणार होता. मी त्यांना वाळवीची हकीकत सांगितली, नव्या चौकटीचंही सांगितलं. त्यांनी पहिल्यांदा एकच विचारलं, कागदाला वाळवी लागली नाही ना. मी अभिमानाने सांगितलं, अजिबात नाही, कागद जसाच्या तसा आहे.

त्या खुर्चीत मागे टेकल्या आणि मला म्हणाल्या की बुधवारी चष्मा आला की सगळ्यात आधी त्या चित्राखालची ओळ वाचणार आहेत.

मी विचारलं, कुठली ओळ.

त्यांचा एक भाऊ होता. त्यांच्याहून दहा-बारा वर्षांनी मोठा. पहिल्या महायुद्धात तो फ्रान्सला गेला, तेव्हा बाई आठ वर्षांच्या होत्या. किनाऱ्यावरच्या कुठल्या तरी गावात सुट्टीवर असताना त्याने ते चित्र विकत घेतलं, आणि चित्रकाराच्या सहीशेजारी पेन्सिलीने लहान बहिणीसाठी एक ओळ लिहून घरी पाठवलं. मी येईपर्यंत जहाजं मोजून ठेव, अशी. तो आला नाही. त्याची पत्रं आईने आपल्याबरोबर शवपेटीत ठेवायला सांगितली होती, तशी ती ठेवली गेली.

"ओळ पाठ आहे मला," बाई म्हणाल्या. "त्याचं अक्षर आठवेनासं झालं आहे. गेली तीन वर्षं मी त्या ओळीवरून बोट फिरवते काचेवरून, पण बोटाला अक्षर कळत नाही."

मी त्या दिवशी त्यांना वर्तमानपत्र वाचून दाखवलं. काय वाचलं ते मला एक अक्षर आठवत नाही. वाचताना माझी नजर समोरच्या भिंतीवर जात होती. नवी चौकट चकचकीत होती, चित्र चारी बाजूंनी सारखं, आणि ज्या जागी ती ओळ असायला हवी होती तिथे लाकडाची पट्टी होती.

घरी येऊन मी तुमच्या आजोबांना सांगितलं. ते सरकारी कचेरीत होते आणि कुठलाही कागद हरवला की काय करायचं ते त्यांना माहीत असे. त्यांनी शांतपणे जेवण संपवलं आणि म्हणाले, "वाळवीनं खाल्लं म्हणून सांग आणि मोकळी हो." मी सांगितलं की कागद जसाच्या तसा आहे असं मी बोलून बसले आहे. त्यावर ते म्हणाले, मग नंतर लक्षात आलं म्हणावं, वाळवी काय सांगून खाते का. मला राग आला, आणि राग यायचं कारण असं की हेच मी शाळेपासून घरापर्यंत चालत येताना स्वतःशी दोनदा म्हणून पाहिलं होतं.

शनिवारी सकाळची शाळा. सुटल्याबरोबर मी फ्रेमवाल्या काकांकडे गेले. कातरण टाकून दिलं असेल, जाळलं असेल, हे मी वाटेत मनाशी धरून चालले होते. काका म्हणाले, कातरण ते कधी टाकत नाहीत. जाड चांगला कागद असला की त्याची चौपदरी घडी करून दुसऱ्या फ्रेममध्ये पाचर म्हणून घालतात, म्हणजे काच खडखडत नाही. तुमचा कागद तर फारच छान होता.

मी विचारलं, कुठल्या फ्रेममध्ये घातला.

ते बराच वेळ विचार करत बसले. समोर रांगेने देव उभे होते, त्यांच्याकडे बघत ते बोटं मोजत राहिले. शेवटी म्हणाले की कोल्हारच्या एका शेतकऱ्याचा फोटो होता, म्हातारा नुकताच गेलेला, मुलगा घाईत आला होता, काच पातळ होती म्हणून पाचर लागली. बहुतेक त्यातच.

"बहुतेक म्हणजे?" मी विचारलं.

"त्यात न्हाई तर मग शेगडीत, बाई. तुमीच म्हनला कापा म्हनून. मी इचारलं हुतं."

विचारलं होतं खरंच. त्यांना इंग्रजी सोडा, मराठीही जेमतेम वाचता येई, आणि त्यांनी विचारलं होतं.

रविवारी सकाळच्या एसटीने मी कोल्हारला गेले. राहुरीच्या पुढे थोडा हिरवा ऊस दिसला, पण प्रवरेच्या पात्रात वाळूच होती, मधूनमधून डबकी. पर्समध्ये एक लहान पक्कड, पातळ सुरी, आणि काढलेल्या चुका, म्हणजे फ्रेमचे बारीक खिळे, ठेवायला काड्यापेटी नेली होती. मनात सगळा क्रम लावला होता. फोटो मागून उघडायचा, घडी काढायची, तिथल्या तिथे दुसरा कागद घालून बंद करायचा, दुपारच्या गाडीने परत. सोमवारी काकांकडून तूर्त बिनकाचेची मोठी चौकट करून घ्यायची आणि पट्टी मागून चिकटवायची. बुधवारपर्यंत बाईंना काही कळायचं कारण नव्हतं.

घर सापडायला वेळ लागला नाही. पण मी दारात उभी राहिले आणि कोण म्हणून सांगायच्या आतच आतल्या बायकांनी मला बघितलं. तेराव्याच्या आत परक्या गावची बाई दारात येते ती भेटायलाच येते. एका बाईने उठून माझ्या गळ्यात हात टाकले आणि मोठ्याने रडायला सुरुवात केली. त्या रडण्यात म्हातारा कसा होता, बैलांना कसा जपायचा, शेवटी पाणी कसं मागितलं, हे सगळं होतं. मी तिच्या खांद्यावर डोकं ठेवून उभी राहिले. दुसरं काय करणार. मग मला आत नेऊन बसवलं. डोक्यावर पदर घेऊन मी बायकांच्या रांगेत बसले. समोर पाटावर म्हाताऱ्याचा फोटो, हार घातलेला, पुढे तेलाचा दिवा. आमच्या काकांचीच चौकट. मी ती लगेच ओळखली.

मग म्हाताऱ्याच्या बायकोने, साठीच्या आसपासच्या, कपाळ मोकळं झालेल्या त्या बाईंनी, मला विचारलं, "तुमी कोनाकडच्या म्हनायच्या?"

मला तिथे खोटं बोलता आलं असतं आणि चहा घेऊन परत येता आलं असतं. मी खरं सांगितलं. पण सुरुवात अशी वाईट झाली की आधी सगळ्यांना वाटलं फ्रेम चुकीची गेली आहे, मग वाटलं फोटो माझा आहे. मोठा मुलगा दारात येऊन उभा राहिला. मी पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. जहाजांचं चित्र, दोन बोटं कागद, भावाचं अक्षर, लढाई.

मुलगा म्हणाला, "म्हंजी आमच्या बापाच्या पाठीला इंग्रजी चिकटलंय म्हना की. जल्मभर अंगठा केला त्यानं."

बायकांत कोणीतरी हसलं आणि पदराने तोंड झाकलं. म्हातारीचा चेहरा हलला नाही. तिने सांगितलं की तेरावं होईपर्यंत फोटो जागचा उचलत नाहीत त्यांच्यात. दिवा लावलेला आहे. शुक्रवारी तेरावं. मी म्हटलं, मावशी, मी उचलणार नाही, जागच्या जागी मागून नुसता उघडते, दोन मिनिटांचं काम आहे. आणि पर्सचा बंद उघडला. आतली पक्कड तिला दिसली असावी.

तिने मला विचारलं, "त्या मडमबाईला ठावं हाय का, तुमी कापलं त्ये?"

मी म्हटलं, "नाही."

"म्हंजी तिच्या चोरून न्यायचं. आन तिच्या चोरून लावायचं."

मी पर्स बंद केली. तिचा आवाज चढला नव्हता. शेतात मजुराला काम सांगावं तसं तिने सांगितलं, "ज्याचं त्याच्या हातात दीन मी. शुक्रवारी जेवान हाय. तिलाच घिऊन या."

मग तिने मला चहा पाजल्याशिवाय सोडलं नाही. मुलगा एसटीपर्यंत पोचवायला आला आणि वाटेत ऊस किती जळाला ते सांगत राहिला.

सोमवारी पाच वाजता मी बाईंकडे गेले. सांगायचं ठरवून गेले होते. पत्रं वाचून झाली आणि त्या म्हणाल्या, ते चित्र जरा माझ्या मांडीवर दे. मी उतरवून दिलं. त्यांनी दोन्ही हातांनी चौकट धरली आणि बोटं कडेने फिरवली, वरून खाली, मग खालून आडवी. खालच्या पट्टीवर त्यांची बोटं थांबली.

"लहान वाटते गं ही."

"नवी चौकट बारीक लाकडाची आहे," मी म्हटलं.

हे खोटं मी ठरवून बोलले नव्हते. तोंडातून आपोआप आलं, आणि किती सहज आलं. त्यांनी मान डोलावली आणि चित्र परत दिलं. ते पुन्हा खिळ्याला लावताना चौकट भिंतीवर दोनदा आपटली. त्यांना ते ऐकू आलंच असणार.

मंगळवारी मी आत गेल्यावर बसले नाही. उभ्यानेच सांगितलं. वाळवीपासून कोल्हारपर्यंत सगळं, काकांनी मला विचारलं होतं हेही, आणि चौकटीचं बारीक लाकूड हे खोटं होतं हेही. सांगताना मी टेबलाच्या कडेला धरून होते. बाहेर शाळेच्या नळावर हंडे लावायला बायका आल्या होत्या, त्यांचं भांडण ऐकू येत होतं.

"किती कापलंस?" बाईंनी विचारलं.

"दोन बोटं."

"सरळ?"

"हो."

"सरळच कापलं असशील." त्यांनी काळा चष्मा काढला, डोळे मिटूनच पुसले, आणि पुन्हा लावला. "पर्समधून चष्मा काढून वाचावं असं वाटलं नाही तुला? एका ओळीचं काम होतं. तुला मी इंग्रजीचे वरचे वर्ग दिले ते तू वाचतेस म्हणून दिले."

मी रडले असते तर बरं झालं असतं, पण रडू आलं नाही. त्या म्हणाल्या, आता घरी जा, उद्या यायची गरज नाही. मी विचारलं, शुक्रवारी सकाळी सातच्या गाडीने कोल्हारला याल का. त्यांनी दाराकडे हात केला. मी दार ओढून घेऊन बाहेर आले.

बुधवारी चष्मा आला. शाळेच्या शिपाईणबाईंनी तो बंगलीत नेऊन दिला आणि मला येऊन सांगितलं की मोठ्या बाई चष्मा लावून खुर्ची भिंतीजवळ ओढून बसल्या आहेत, सारख्या त्या जहाजांकडे बघत. गुरुवारचे तास मी कसे घेतले ते मुलींना विचारायला हवं. कुठल्यातरी वर्गात मी एकच उतारा दोनदा वाचला आणि कोणी मला अडवलं नाही.

शुक्रवारी मी रजा टाकली आणि सकाळी सातच्या गाडीला स्टँडवर गेले. त्या येतील असं मला वाटत नव्हतं. त्या माझ्या आधी येऊन उभ्या होत्या. हातात छत्री, पांढरं पातळ, आणि त्या जाड भिंगांमागे डोळे एवढे मोठे दिसत होते की क्षणभर मला त्यांची भीती वाटली. त्यांनी माझं तिकीटही काढू दिलं नाही. मी खिडकी देऊ केली तर त्यांनी ती घेतली. राहुरीपर्यंत त्या बाहेर बघत होत्या. रस्त्याच्या कडेला खडीचे ढीग, टोपल्या, डोक्याला फडकं बांधलेल्या बायका. तीन वर्षांनी त्या हे सगळं बघत होत्या.

मला मात्र सारखं वाटत होतं की घडी तिथे नसेल. काका 'बहुतेक' म्हणाले होते. या वयाच्या, नुकतं ऑपरेशन झालेल्या माणसाला मी एका बहुतेकवर उन्हात नेत होते, एका परक्या घरच्या तेराव्याला.

विधी आटोपले होते, अंगणात पंगतीची तयारी चालली होती. म्हातारीने बाईंना बघितलं आणि जागा करून स्वतःशेजारी बसवलं. बाई खाली बसल्या, पाय मुडपून, आमच्यासारख्याच. गेलेल्या माणसाबद्दल विचारायचं ते त्यांनी विचारलं, किती वय, काय झालं होतं, मुलं किती. मी मागे उभी राहिले. मग म्हातारीने हार काढला, फोटोला हात जोडले आणि मुलाला खूण केली.

मुलाने फोटो पालथा करून मांडीवर घेतला. पक्कड मी आणली होती, पण त्याने विळ्याच्या टोकानेच चुका वर काढल्या, एकेक करून. पुठ्ठा उचलला. वर वर्तमानपत्राची एक घडी होती. त्याने ती काढून बाजूला ठेवली. त्याखाली दुसरी वर्तमानपत्राचीच. त्याने बोट घालून चौकटीच्या खाचेत चाचपलं, म्हणाला, "न्हाई बा काही." मग चौकट उलट धरून ठोकली. खालच्या खाचेत घट्ट बसलेलं काहीतरी जरासं पुढे आलं. त्याने नखाने ओढलं. पांढरट, जाड, लांबट घडी.

त्याने ती माझ्याकडे केली. म्हातारी म्हणाली, "त्यांना दे."

बाईंनी घडी गुडघ्यावर ठेवून उलगडली. चार पदर, तीन उभ्या मोडी. एका मोडीवर कागद फाटायला आला होता. चित्रकाराच्या सहीतून चूक आरपार गेली होती. पण डावीकडची ओळ होती. बाईंनी कागद डोळ्यांजवळ नेला, लांब केला, त्या भिंगांतून बरोबर अंतर सापडेपर्यंत मागेपुढे करत राहिल्या. सापडलं तेव्हा त्यांचा हात थांबला. अंगणातली माणसंही थांबली होती.

"काय लिवलंय?" म्हातारीने विचारलं.

बाईंनी मराठीत सांगितलं.

"मोजली का मंग?"

"हो. रोज मोजत असे."

"किती वरसाचा हुता?"

"एकोणीस."

म्हातारीने फोटोतल्या नवऱ्याकडे बघितलं, मग बाईंच्या हातातल्या कागदाकडे, आणि म्हणाली, "चला, पानावर बसा. गार हुतंय."

जेवणानंतर मी माझी चूक पुन्हा केली. नगरला गेल्यावर ती पट्टी चित्राला मागून कशी चिकटवता येईल, खळ कशी पातळ करायची, मोडी ओल्या फडक्याखाली कशा सपाट करायच्या, हे मी बाईंना समजावून सांगू लागले. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "तू त्याला हात लावायचा नाहीस."

परतीच्या गाडीत गर्दी होती. बसायला एकच जागा मिळाली, ती त्यांनी घेतली. पट्टी त्यांनी आपल्या रुमालात सपाट ठेवून दोन्ही तळहातांनी मांडीवर धरली होती, त्यामुळे गाडी उडाली की त्यांना समोरची दांडी धरता येत नव्हती. मी शेजारी उभी राहून खांद्याने त्यांना टेका दिला. त्यांनी तो नाकारला नाही. नगरचा स्टँड येईपर्यंत दोन तास आम्ही तशाच आलो. उतरल्यावर टांगा करून मी त्यांना बंगलीपाशी सोडलं.

मुलांनो, त्यांनी मला माफ केलं असं त्या कधी म्हणाल्या नाहीत, आणि मीही कधी विचारलं नाही. त्या दिवशी दाराशी किल्ली काढत त्या एवढंच म्हणाल्या, "उद्या पाचला ये. वर्तमानपत्र आता मी वाचेन. तू ऐक."